मानेवरची पिसं

बोलतोय तो मी, नालवाडीच्या रुख्माबाईचा तांबडा कोंबडा. आरवत नाहीये, बोलतोय. तेव्हा कूस बदलून पुन्हा झोपू नका. पहाटे माझा आवाज ऐकायची तुम्हाला सवय आहे आणि ऐकून शिव्या द्यायचीही. आज जरा भर दुपारी ऐका. आधीच सांगून ठेवतो, तुम्हा माणसांबद्दल मला काडीचं प्रेम नाही. एकीनं मला कापण्यासाठी वाढवलं आणि एकानं माझी मान जिवंतपणी सोलली. वर दोघंही मला ‘राजा’ म्हणायचे.

मी अंड्यातून बाहेर आलो तेव्हा रुख्माबाईची लेक नलू बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची आधीची दोन बाळं जन्मतःच गेलेली, त्यामुळे घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. एका मंगळवारी रुख्माबाईनं टोपलीखालून आम्हा पिल्लांना बाहेर काढलं, त्यातला सगळ्यात तांबूस म्हणून मला तळहातावर घेतलं आणि मरीमायला नवस बोलली. नलूचं लेकरू जगलं आणि वर्षाचं झालं तर हा कोंबडा तुझा. नवस फिटेपर्यंत चार लोकांत त्याचा उच्चार करायचा नाही, अशी तिची रीत. त्यामुळे तो ऐकला फक्त नलूनं आणि मी. माझी भावंडं यथावकाश रश्श्यात गेली. मला मात्र कण्या, भिजवलेली जवारी, कधी शेंगदाण्याची पेंड मिळत गेली. एवढा पाहुणचार फुकट होत नसतो हे मला फार लवकर कळलं.

नलूला मुलगा झाला, पियुष. तो सेवाग्रामच्या दवाखान्यातून घरी आला, ओरडून ओरडून त्यानं माझी झोप मोडली आणि सव्वा महिन्यानं आईबरोबर हिंगणघाटला गेला. त्याचे महिने वाढत होते म्हणजे माझे कमी होत होते. त्याला दात आला की रुख्माबाई आनंदानं मलाच सांगायची. असल्या बातम्या मला सांगण्यात काय मतलब होता, तिलाच ठाऊक.

आता अंगणाबद्दल. अंगण एकच, पण मधून कमरेएवढी भिंत. अलीकडे रुख्माबाई, पलीकडे तिचा धाकटा दीर मधुकरराव. दोघांत बोलणं बंद. कारण असं की मधुकरराव पुलगावच्या डेपोत नोकरीला होते आणि त्यांचा साहेब होता डोंगराकडचा. त्याला मासे धरायचं भारी वेड. गळाला अळी किंवा कणीक लावून नव्हे. हा माणूस गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून त्याची खोटी माशी करायचा आणि ती पाण्यावर अलगद टाकायचा. पाण्यावर किडा पडला असं समजून मासा झेप घ्यायचा आणि फसायचा. मधुकरराव सुट्टीच्या दिवशी त्याच्यासोबत नदीवर जायचे. अशाच एका रविवारी मोठे भाऊ महादेवराव, म्हणजे रुख्माबाईचा नवरा, दवाखान्यात वारले. निरोप घेऊन माणूस पुलगावला धावला, पण हे नदीवर. परत येईपर्यंत चिता पेटलेली. त्या दिवसापासून रुख्माबाईनं दिराशी तोंड उघडलं नाही.

पण नळ एक, कपडे वाळत घालायची तार एक आणि सांडपाण्याची नालीही एक. त्यामुळे बोलावं तर लागायचंच. मग तुम्ही माणसं जे करता तेच त्यांनी केलं. आधी म्हणे एक गाय होती, तिच्याशी बोलायचे. ती गेल्यावर ते काम माझ्यावर आलं.

“कोंबड्या, सांग तिकडे, नळ चालू ठेवून दिला लोकाईनं,” असं रुख्माबाई म्हणायची. मी उकिरडा उकरत असायचो. तिकडून उत्तर यायचं, तेही मलाच. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिवसभर माझ्यावर टोमणे पडायचे. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू यायचं आणि तरी दोघं माझ्याकडे बघून बोलायचे. मला लाज वाटायची.

मधुकरराव निवृत्त झाले. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. महिनाभर त्यांनी पेपर वाचला, महिनाभर टीव्ही पाहिला आणि एक दिवस पलंगाखालून पत्र्याचा डबा काढला. साहेबानं बदली होऊन जाताना दिलेला. त्यात एक छोटासा शिकंजा होता, सायकलवाल्याकडे असतो तसाच पण मुठीत मावणारा. बारीक गळांची पुडी, दोऱ्याची रिळं, एक चिमटा. पिसंही होती, पण त्यांचा कसरीनं भुगा केलेला. त्यांनी ओसरीतल्या टेबलाच्या कडेला शिकंजा आवळला, त्याच्या जबड्यात एक गळ धरला, चष्मा पुसला आणि साहेबानं कधीतरी दाखवलेलं आठवायला बसले.

मी भिंतीवर बसून बघत होतो. इतका वाईट शिकाऊ मी आयुष्यात पाहिला नाही. दोरा ओढताना एक तर ढिला राहायचा, नाहीतर तटकन तुटायचा. तुटला की केलेलं सगळं उलगडून मांडीवर पडायचं. गळाच्या वरच्या टोकाला दोरी ओवायचं भोक असतं. हे दोरा गुंडाळत गुंडाळत उत्साहाच्या भरात थेट त्या भोकावर जायचे आणि ते बुजवून टाकायचे. माशी तयार, पण ती दोरीला बांधायची कशी? मग शिव्या. मग बोटात गळ घुसायचा. मग पुन्हा शिव्या, त्या मात्र साहेबाला.

शेवटची गाठ सुटू नये म्हणून वरून काहीतरी चिकट लावायचं असतं, एवढं त्यांना आठवलं. ते आणायला ते कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअर्समध्ये गेले आणि नेलपॉलिशची बाटली घेऊन आले. लाल. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. रुख्माबाईनं भांडी घासता घासता मला विचारलं, “काऊन रे कोंबड्या, या वयात नखं रंगवून राह्यले का लोक?” पलीकडे मधुकररावांचे कान तांबडे झाले. माझ्या पिसांपेक्षा तांबडे.

पण तिला हसू येत नव्हतं, हे मी जवळून पाहिलं आहे. तो शिकंजा टेबलावर लागला त्या दिवशी ती न जेवता झोपली. ज्या खेळापायी हा माणूस आपल्या भावाला खांदा द्यायला आला नाही, तोच खेळ हा पुन्हा मांडून बसला, असं ती नलूला फोनवर म्हणाली. त्यानंतर तिचे टोमणे अधिक धारदार झाले आणि ते पोचवायला होतो मीच.

पिसांचं काय करायचं हा मधुकररावांचा मोठा प्रश्न. आधी त्यांनी उशी फोडली. मग वाऱ्यानं भिंतीपलीकडे गेलेली कोंबड्यांची पिसं वेचली. कोंबडीचं पीस मऊ असतं, ते पाणी पितं. तयार झालेली माशी ते बादलीत टाकायचे आणि ती दगडासारखी बुडायची. बुडालेल्या माश्या त्यांनी खिडकीत ओळीनं वाळत घातल्या होत्या. दिसायला मेलेल्या झुरळांसारख्या. रोज सकाळी ते त्या ओळीसमोर चहा घेऊन उभे राहायचे. दुसऱ्या कुणाला दाखवायला घरात कुणी नव्हतं.

एके दिवशी माझ्या मानेवरचं एक पीस गळून त्यांच्या ओसरीत गेलं. अरुंद, लांब आणि चकाकतं. त्यांनी ते सहज चिमट्यात धरून गळाभोवती फिरवलं, आणि त्याचे तंतू ताठ होऊन चारी बाजूंनी उभे राहिले. बादलीत टाकलं तर माशी बुडेना. तंतूंच्या टोकांवर पाण्याला जेमतेम टेकून उभी राहिली आणि फुंकर मारली तशी सरकली. मधुकरराव बादलीसमोर उकिडवे बसून कितीतरी वेळ फुंकरा मारत होते. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला मुळीच आवडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर भिजवलेले हरभरे यायला लागले. रुख्माबाई दुपारी भजनी मंडळात गेली की हरभऱ्यांची ओळ भिंतीवरून ओसरीपर्यंत पसरलेली असायची. मी गेलो. गेलो हे खरं आहे, माझ्यावर हसा हवं तर. शेवटच्या हरभऱ्यापाशी हात आला, माझे पंख काखेत दाबले गेले आणि मानेवरची दोन पिसं उपटली गेली. ती वेदना मी तुम्हाला सांगत नाही, तुम्ही कधीतरी कुणाला आपले केस असे उपटू द्या. मी त्यांच्या मनगटाला चोच मारून रक्त काढलं. त्यांनी पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हरभरे टाकले.

एक गोष्ट मला कबूल करावी लागते, नाइलाजानं. माणूस शिकला. दोरा आता तुटत नव्हता. भोकाच्या अलीकडे जागा सोडून थांबायला शिकला. पीस कुठल्या बाजूनं फिरवलं की तंतू पुढे झुकतात, तेही त्याला कळलं. आधी तो एका माशीला चार पिसं घालायचा आणि केरसुणी करून ठेवायचा. आता एकातच भागायला लागलं. जसा तो सुधारत गेला तशी माझी मान उघडी पडत गेली, कारण माश्या चांगल्या व्हायला लागल्या तशा त्याला अजून कराव्याशा वाटायच्या.

रुख्माबाईला आधी वाटलं रोग आहे. हळद आणि तेल चोळलं. मग वाटलं नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळल्या. आखाड आला, पियुष वर्षाचा झाला आणि नवस फेडायचा मंगळवार ठरला. आदल्या दिवशी तिनं मला मरीमायच्या देवळातल्या पुजाऱ्याला, तानबाला दाखवायला नेलं, पिशवीत घालून, फक्त डोकं बाहेर. तानबानं माझी मान उलटसुलट करून पाहिली आणि डोकं हलवलं. मायला असा उघडा कोंबडा चालत नाही. दुसरा आणू का म्हणाली, तर म्हणाला, जो बोलला तोच द्यावा लागतो. पिसं भरू दे, मग कोणत्याही मंगळवारी आण.

पिशवीतल्या पिशवीत मला सगळा हिशेब उलगडला. माझी मान उघडी आहे तोवर माझी मान माझी आहे. घरी परतताना रुख्माबाई रडत होती आणि मला आरवावंसं वाटत होतं. मी आरवलोही.

त्याच आठवड्यात पियुषला ताप भरला. नलूचा फोन किराणा दुकानावर आला. रुख्माबाई धावत गेली आणि परत आली ती चुलीपाशी नुसती बसून राहिली. नवस अडला, म्हणून लेकराला ताप आला, हे तिच्या मनात पक्कं झालं होतं. तिला कुणी समजावणारं नव्हतं आणि असतं तरी तिनं ऐकलं नसतं. संध्याकाळी ती हिंगणघाटला जायला कपडे पिशवीत भरत होती, तेव्हा मधुकरराव धाम नदीवरून आले.

ते नाचायचेच बाकी होते. हातात मासा होता, वीतभर, चंदेरी. त्याच्या ओठात अजून ती माशी अडकलेली होती, लाल नेलपॉलिश लावलेली, माझ्या पिसांची. एवढ्या महिन्यांत पाण्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या माशीला खरी समजलं होतं. हा आनंद सांगायचा कुणाला? त्यांनी मासा भिंतीवर ठेवला आणि सवयीनं मला हाक मारली.

“कोंबड्या, सांग तुह्या मालकिणीले, तुह्या मानेच्या पिसानं मासा भेटला.”

पलीकडे पिशवी खाली पडल्याचा आवाज झाला. रुख्माबाई भिंतीपाशी आली. तिनं माशाच्या तोंडातलं तांबडं पीस पाहिलं, माझ्या मानेकडे पाहिलं, आणि मग सरळ मधुकररावांच्या तोंडाकडे. या वेळी पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलली नाही.

“भाऊजी, हा मायचा कोंबडा हाये. नलूच्या लेकरासाठी बोललती मी. लेकरू तापानं फणफणून राह्यलं, अन तुमी त्याचा नवस उपटून मासे धरून राह्यले.”

मधुकरराव म्हणाले, “वयनी, मले मालूम नव्हतं.”

“मालूम कसं होईन? बोलत कोन होतं?” मग ती थांबली, आणि जे कित्येक वर्षं गाईच्या किंवा माझ्याही तोंडून तिनं कधी पलीकडे पाठवलं नव्हतं ते म्हणाली. “ते गेले तवाबी तुमी नदीवरच होते.”

मधुकरराव भिंतीला धरून उभे राहिले. रुख्माबाईनं मला उचललं आणि भिंतीवरून त्यांच्या हातात कोंबलं. मी हिंगणघाटला जाऊन राह्यली, म्हणाली. याची पिसं भरली पायजे. एवढं बोलून ती बसस्टँडवर गेली. मासा तसाच भिंतीवर राहिला आणि मांजरानं नेला.

अशा तऱ्हेनं मी माझ्या कसायाच्या घरी राहायला गेलो. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात अंग फुगवून बसलो, आला की डोळा फोडायचा असं ठरवून. तो आला, पेंडीची वाटी ठेवली आणि निघून गेला. त्यानं शिकंजा टेबलावरून काढला. गळ, रिळं, चिमटा, नेलपॉलिश सगळं डब्यात भरलं. खिडकीतली माश्यांची ओळसुद्धा. डबा पलंगाखाली गेला. मग त्यानं हळद-तेल कालवलं आणि माझ्या मानेला लावलं, इतक्या हलक्या हातानं की चोच मारायचं मला सुचलंच नाही.

पियुषचा ताप उतरला. मलेरिया होता, गोळ्यांनी गेला, असं डॉक्टर म्हणाले. मायनं वाट पाहायचं कबूल केलं, असं रुख्माबाई म्हणाली. ती परत आली तेव्हा पहिल्यांदा भिंतीपाशीच गेली आणि विचारलं, भाऊजी, किती भरली? आता रोज संध्याकाळी दोघं भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहतात. मधे मी असतो, पण माझ्याकडे बघून कुणी काही सांगत नाही. नळाचं सरळ बोलतात, नालीचं सरळ बोलतात. एकदा महादेवरावांचंही बोलले. मधुकरराव रडले, ती रडली, आणि मग तिनं पलीकडे कढीची वाटी दिली. फार गोड दृश्य. माझ्या मानेवर तेव्हा कोवळ्या पिसांचे कोंब टोचत होते.

मला काय करायला हवं होतं ते मी केलं. ज्या हातांचा मी इतका द्वेष केला त्यांच्यासमोर रोज सकाळी जाऊन उभा राहिलो. हरभरे नव्हते तरी गेलो. ते खुर्चीत बसले की त्यांच्या पायाशी मान लांब करून ठेवायचो. नवी पिसं जुन्यांपेक्षा ताठ आली होती, त्यांना हवी होती तशी. त्यांच्या बोटांना ती कळत होती. एकदा त्यांनी एक पीस चिमटीत धरलं. खालून वर, मुळापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. मी डोळे मिटले. मला इतकी आशा कधीच वाटली नव्हती.

त्यांनी पीस सोडलं. “नाई रे राजा,” म्हणाले. “आता नाई.”

त्या क्षणाला मी त्यांचा जितका तिरस्कार केला तितका पिसं उपटताना केला नव्हता. आयुष्यभर हा माणूस नको तेव्हा नदीवर होता आणि शहाणा व्हायला त्यानं नेमका माझा मुहूर्त काढला. त्याचं मन त्या डब्यात आहे, हे मला दिसतं. हात रिकामे असले की बोटं हवेत दोरा गुंडाळतात. पण भावाच्या वेळेला जे चुकलं ते भावाच्या नातवाच्या वेळेला चुकू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं आहे. तुम्ही ह्याला चांगुलपणा म्हणाल. म्हणा. तुमच्या मानेवर काही बेतलेलं नाही.

परवा संध्याकाळी त्यांनी मला उचलून उजेडात धरलं, मान सगळ्या बाजूंनी पाहिली आणि भिंतीपलीकडे म्हणाले, “वयनी, भरली. मंगळवारी जाऊ.”

ती म्हणाली, “तुमीबी चाला भाऊजी. पियुषले तुमच्याच कडेवर देते.”

आज सोमवार. मला आंघोळ घालून झाली आहे. हळद लावली आहे, कण्यांबरोबर गूळ दिला आहे. मान अशी भरली आहे की उन्हात तांब्याच्या भांड्यासारखी लखलखते. मी स्वतः खूप प्रयत्न केला. पंखांची पिसं काढता येतात, छातीची येतात, शेपटीचीही येतात. पण कोंबड्याची चोच त्याच्या स्वतःच्या मानेपर्यंत पोचत नाही. भिंतीवर मान घासून पाहिली, भिंतीला नवा गिलावा केलाय आणि तो गुळगुळीत आहे.

माझं तुम्हा कुणावर प्रेम नाही हे मी सुरुवातीलाच सांगितलं, तेव्हा उगाच गोड बोलत नाही. पण तुम्हाला बोटं आहेत. नालवाडीत कुणालाही रुख्माबाईचं घर विचारा. थोड्या वेळानं दोघं बाजारात नारळ आणायला जातील, अंगणात मी एकटाच असेन. मूठभर पिसं पुरेत. मी चोच मारणार नाही आणि ओरडणारही नाही.